वेळूगडचं झुंबर आणि कासाराची लेक

झुंबर फुटलं आणि भिवा हुजऱ्याच्या घरावर जप्ती आली!

वेळूगडच्या राजेसाहेबांनी दरबारासाठी ते बिलोरी झुंबर पसंत केलं होतं. काचवाले नानाशेट आपली माणसं घेऊन टांगायला आले. ओढायला एक हात कमी पडला, म्हणून त्यांनी भिवाच्या हातात दोर दिला. झुंबर अर्ध्यावर गेलं, नानाशेटांनी तपकिरीची डबी उघडली आणि भिवाला शिंक आली. दोर सुटला. पुढचं काय सांगावं!

नानाशेट म्हणाले, "माणूस सरकारांचा, तेव्हा भरपाई सरकारांनी द्यावी."

राजेसाहेब म्हणाले, "भिवाचं घर विकून घ्या." आणि ते एकदा म्हणाले की म्हणाले. गावातल्या एका वकिलाची दाढ दुखू लागली, दुसऱ्याला पडसं झालं, तिसऱ्याच्या घरी लग्नच निघालं.

उरली ठकू. ही रंगोबा कासाराची लेक. वकिलीची परीक्षा पास झाली होती, काळा कोटही शिवला होता, पण बाईला वकीलपत्र द्यायला कुणी धजत नव्हतं. मग ती कोटाच्या बाह्या सारून वडिलांच्या दुकानात गिऱ्हाइकांना बांगड्या भरायची. भिवाची बायको तिथेच रडत आली. "ठकूताई, पोरांना घेऊन कुठं जाऊ गं?"

ठकूला पहिलं अशील मिळालं. तिनं बाह्या खाली ओढल्या आणि कोटाची बटणं लावली.

न्यायाला राजेसाहेब स्वतःच बसले. "दोर सोडलास?"

"सोडला, सरकार," भिवा म्हणाला. बिचाऱ्याला खोटं बोलताच येत नसे.

"झालं! वकीलबाई, आता लढवणार काय?"

"भिवा काही देणं लागत नाही, हे सरकारच सांगतील."

"आम्ही?" राजेसाहेबांच्या मिशा थरथरल्या. "कोर्ट उठायच्या आत आमच्या तोंडून वदवा. जमलं तर भिवा सुटला आणि हा छताचा पंखा आम्ही स्वतः ओढू. नाही जमलं तर तो काळा कोट उतरवा, तो कायमचा!"

ठकूनं मान डोलावली. चिकाच्या पडद्याआड राणीसाहेब बसल्या होत्या. उद्या मंगळागौर. ठकू म्हणाली, "सरकार, साक्षी लांबतील. माझे वडील बांगड्या घेऊन पायरीवर बसलेत. राणीसाहेबांचा चुडा इथेच भरला तर?"

"बरं होईल," आतून राणीसाहेब म्हणाल्या. तिथे राजेसाहेबांचा हट्ट चालत नसे.

नानाशेट साक्ष देऊ लागले. इतक्यात पडद्यामागे कट् असा आवाज झाला.

"अगंबाई, बांगडी वाढली!" राणीसाहेबांचा आवाज आला.

रंगोबा हात जोडून बाहेर आला. "सरकार, राणीसाहेबांनी हात आखडला, म्हणून गेली. या बांगडीचे पैसे पडतील."

राजेसाहेब भडकले. "कासार आहेस की कोण? भरताना फुटली ती कासाराची, मनगटावर चढली ती आमची. हात गिऱ्हाइकाचा हलला म्हणून गिऱ्हाईक काही देणं लागत नाही. कुठल्याही बाजारात जाऊन विचार!"

"इथेच विचारते, सरकार." ठकू उठली. "शेटजी, झुंबर छताला चढलं होतं?"

"छे, अर्ध्यावर होतं."

"म्हणजे चढायच्या आत फुटलं. काच विकणाऱ्याची, हात गिऱ्हाइकाच्या माणसाचा. निकाल सरकारांनी आत्ताच दिला."

"बांगडी कुठे, झुंबर कुठे!" नानाशेट ओरडले.

"काच ती काचच, शेटजी. माझ्या वडिलांच्या टोपलीला एक न्याय आणि तुमच्या पेटीला दुसरा, असं का?"

राजेसाहेबांनी डोळे बारीक केले. "रंगोबा, बांगडी मुद्दाम लहान मापाची घेतलीस?"

"माप आम्ही सांगितलं होतं," पडद्याआडून राणीसाहेब म्हणाल्या आणि खुदकन हसल्या.

मग काय! भिवाच्या घराची जप्ती उठली. राजेसाहेबांनी फेटा सावरला, बाह्या वर केल्या आणि पंख्याचा दोर हातात घेतला. "आजपासून दरबारच्या वकील तुम्हीच. बोला वकीलबाई, वारा लागतोय?"

"झकास लागतोय. पण दोर घट्ट धरा, सरकार. शिंक आली तर तुमचीही वकिली मलाच करावी लागेल!"

राजेसाहेब इतके खदाखदा हसले, की दोर खरोखरच हातातून सुटला.