जैतूनबीची वीत

एका राज्यात, जिथे मशिदीच्या हौदावर चिमण्यासुद्धा आधी चोच धुवत आणि मग दाणे टिपत, जैतूनबी नावाची एक बाई हौदाच्या पायरीवर मिसवाक विकत असे. मिसवाक म्हणजे पिलूच्या झाडाच्या मुळाची काडी. तिचे टोक चावून मऊ करायचे, उजवीकडून आरंभ करून दात घासायचे, चूळ भरायची आणि मग नमाजाला उभे राहायचे. अल्लाचे नाव घ्यायचे तर तोंड स्वच्छ हवे, अशी तिथली रीत. तीस वर्षे जैतूनबी एकाच मापाने काड्या कापत आली होती: अंगठा ते करंगळी, पुरती एक वीत. मापात तिने कधी पाप केले नाही, आणि हे ती गिऱ्हाइकाला दर खेपेस ऐकवतही असे.

त्या राज्याचा सुलतान अदहमशाह. त्याला एकुलती एक लेक, नौशाबा. ती चार वर्षे, चार महिने आणि चार दिवसांची झाली, तसा तिच्या बिस्मिल्लाखानीचा दिवस आला. त्या दिवशी मूल अल्लाच्या नावाने पहिले अक्षर म्हणते आणि त्याचे शिकणे सुरू होते. पहिल्या अक्षराआधी पहिली मिसवाक, आणि ती अर्थातच जैतूनबीकडून आली. शाहजादीने काडी तोंडात धरली मात्र, तिचे दात मिटले ते मिटलेच. काडी अडकली, अक्षर अडकले, पोरीचे रडणेही आतल्या आत राहिले.

हे घडले सोमवारी. दरबारच्या जादूगाराने तीन मंत्र टाकले. पहिल्याने महालाच्या साऱ्या खिडक्या उघडल्या, दुसऱ्याने खजिन्याची कुलुपे उघडली, तिसऱ्याने त्याच्याच दाढीला आग लागली. दात काही उघडेनात. फटीतून थेंब थेंब दूध तेवढे जाई. हकीम म्हणाला, शुक्रवारपर्यंत पोर तग धरील, पुढे नाही.

सुलतानाने जैतूनबीला बोलावले.

"काडी तुझी?"

"माझी, हुजूर."

"जुम्म्याच्या नमाजापर्यंत माझी लेक बोलली नाही, तर तूही पुन्हा बोलणार नाहीस."

जीव जैतूनबीलाही प्यारा होता, कोणाला नसतो? पण पलंगावरचा तो पांढराफटक पडलेला चेहरा पाहून ती पुढे सरकली. ती जवळ वाकली, तेव्हा काडीच्या बाहेरच्या टोकावर तिला अंगठ्याएवढा जिन दिसला. पारावर बसावे तसा पाय हलवत बसला होता. बाकी कोणाला तो दिसला नव्हता, पण बाकी कोणी तीस वर्षे काड्या निरखल्याही नव्हत्या.

"इथे का बसलास?" तिने विचारले.

"जागा मिळाली, बसलो. वितेहून लांब काडीवर आमचा हक्क असतो. तुला ठाऊक आहे."

ठाऊक होते. राज्यातल्या पोरासोरांना ठाऊक होते. पण माझी काडी वीतभरच आहे, म्हणत जैतूनबीने तिथल्या तिथे हात लावून मापली. दातांत गेलेले बोटभर टोक धरून काडी पुरती एक वीत भरली. जिन नुसता हसला. तीन गोष्टी आण, मग उतरतो, असे त्याने सांगितले. लोखंड न लावता निघालेली मिसवाक आण. मिठाच्या रानातल्या विहिरीचे गोडे पाणी आण. आणि ज्याच्या चुकीमुळे ही जागा झाली, त्याचे नाव आण.

मंगळवारी पहाटे जैतूनबी निघाली. मिठाच्या रानात पिलूचे जुने झाड होते. त्याच्या फांदीवर एक साळुंकी फळे खात बसली होती. साळुंकी म्हणाली, "सुरी खाली ठेव. मूळ हवे तर झाडाला काय देशील?"

जैतूनबीजवळ एक बुधला पाणी होते. तिने अर्धे पाणी झाडाच्या बुंध्याशी ओतले.

"अर्धेच?"

"अर्धे मला लागेल. मी वाटेत मेले तर काडी कोण नेणार?"

साळुंकीला हे सरळ बोलणे आवडले. भुई फाटली, बोटाएवढे जाड मूळ आपसूक सुटले आणि जैतूनबीच्या हातात आले. विहिरीची वाटही साळुंकीनेच सांगितली आणि बजावले, पाणी घे, पोहऱ्याला हात लावू नको.

विहिरीच्या काठावर रत्नजडित पोहरा होता, आणि त्याच्याभोवती हात पुढे केलेली वीस माणसे दगड होऊन उभी होती. जैतूनबीने पोहऱ्याकडे घटकाभर पाहिले, खोटे कशाला सांगा. मग ओढणी सोडून आत लोंबती केली, भिजलेले टोक वर ओढले आणि रिकाम्या बुधल्यात पिळले. असे बारा वेळा केल्यावर बुधला भरला. ती दगडाची माणसे अजून तिथेच असावीत. त्यांची चौकशी कोणी केलेली नाही.

राहिले नाव. परतीच्या वाटेभर तिने साऱ्यांना मनातल्या मनात चाळणीतून चाळले. जादूगाराने काही केले असेल? की ज्या दासीने काडी महालात नेली, त्या गुलरुखने? शुक्रवार उजाडला तेव्हा ती महालात पोचली, आणि नाव तिच्याजवळ नव्हते. वजीर तिच्या कानाशी लागला. दासीचे नाव घे, मोकळी होशील, म्हणाला. कोपऱ्यात गुलरुख ओढणीचे टोक चावत उभी होती. नाव जैतूनबीच्या जिभेवर आलेही.

पण आधी हातातले काम, म्हणून तिने ते ताजे मूळ मापायला घेतले. सवयीने स्वतःची वीत टाकली. तिच्या हातालगत चादरीवर शाहजादीचा हात पडला होता. जैतूनबीची नजर एका हातावरून दुसऱ्यावर गेली आणि तिथेच खिळली. तिने ते चिमुकले बोट न् बोट उलगडले आणि दातांतल्या काडीला लावले. अंगठा ते करंगळी, आणि त्यापुढे चार बोटे काडी शिल्लक. त्या चार बोटांवर जिन आरामात बसला होता.

दाराशी जल्लाद उभा होता. आपण पाहिले ते दुसऱ्या कोणी पाहिले नाही, हे जैतूनबीला कळत होते. तिला फार भीती वाटली. मग ती उभी राहिली.

"नाव जैतूनबी," ती म्हणाली. "वीत ज्याची त्याची असते, हुजूर. मी तीस वर्षे सगळ्यांना माझीच लावली. ह्या लेकराचा हात मी पाहिलासुद्धा नाही."

जिन उठला, त्याने कपडे झटकले. "कबूल केलेल्या चुकीवर आम्हाला बसवत नाही," एवढे बोलून तो खिडकीतून निघून गेला. काडी गळून पडली. शाहजादीने तोंड उघडले आणि असे भोकाड पसरले की खालच्या चौकातले घोडे बिथरले. सुलतानही तिच्याबरोबर रडला. जैतूनबीने तिला विहिरीच्या पाण्याने चूळ भरवली, तिच्याच वितेने नवी काडी तोडली, दाताने टोक मऊ करायला शिकवले. मग नौशाबाने बिस्मिल्लाह म्हटले, पहिल्यापासून शेवटपर्यंत, न अडखळता. बाहेर अजान झाली.

नमाजानंतर सुलतान न्यायाला बसला. जैतूनबी मान खाली घालून उभी होती. सुलतानाने खिशातून स्वतःची मिसवाक काढून त्या काडीवर आपली वीत टाकली. काडी दोन बोटे आखूड होती.

"इतकी वर्षे मी तुझी काडी वापरतो," तो म्हणाला, "आणि एकदाही हात पुढे केला नाही. दरवेळी नोकर पाठवला. ह्या चुकीत मीही आहे. तुझी शिक्षा ही की यापुढे प्रत्येकाचा हात हातात घेऊन मापायचा. आमची ही की सुलतान असो वा भिस्ती, प्रत्येकाने हौदावर स्वतः यायचे."

तेव्हापासून त्या राज्यात कापून ठेवलेली मिसवाक मिळत नाही. नौशाबा दरवर्षी हौदावर येई, पायरीवर बसून हात पुढे करी, आणि दरवर्षी काडी थोडी लांब निघे. तेराव्या वर्षी तिची वीत जैतूनबीच्या वितेएवढी भरली. पुढे ती गादीवर बसली, तरी येतच राहिली.

एके सकाळी जैतूनबीच्या हातातली सुरी थरथरली. नौशाबाने ती अलगद काढून घेतली.

"खाला, आज तुमचा हात दाखवा."

"माझे माप मला पाठ आहे, बेटी."

नौशाबाने तिची वाकडी झालेली बोटे एकेक करून उलगडली आणि तिच्याच काडीवर ठेवली. म्हातारपणाने हात आखडला होता. तीस अधिक वीस वर्षांची ती वीत आता दीड बोट कमी भरली.

"लांब आहे, खाला," नौशाबा म्हणाली आणि तिने जास्तीची काडी कापून टाकली. जैतूनबीने आपला हात पाहिला, मग मुलीकडे पाहिले, आणि हात तसाच तिच्या हातात राहू दिला.