अर्ध्यावर थांबणारी पोथी

आश्विन शुद्ध तृतीया. आभाळ निवळलेले, खाडीवर मंद वारा. फार पूर्वी अशाच एका दिवशी, खाडीकाठच्या एका गावात नवे प्रार्थनाघर बांधून पूर्ण झाले.

गावात तेल गाळणारी काही इस्राएली, म्हणजे ज्यू, कुटुंबे राहत. शनिवारी त्यांचे घाणे बंद असत. त्यांचे जुने प्रार्थनाघर एका वादळात खाडीने गिळले, त्यालाही आता दोन पिढ्या लोटल्या होत्या. पुन्हा भिंती उभ्या राहिल्या, पण प्रार्थना काही सुरू होईना. कारण दहा पुरुष जमल्यावाचून सामुदायिक प्रार्थना करायची नाही, अशी त्यांची रीत. आणि गावात पुरुष होते नेमके दहा. त्यातला दहावा, म्हातारा हसाजी, समोरच्या आपल्या ओट्यावर रुसून बसला होता.

"हे प्रार्थनाघर? यापेक्षा शेळ्यांचा गोठा बरा! जुनं मी पाहिलंय. त्या दारातून हत्ती गेला असता."

"हत्ती कुणी आणला होता?" बायको म्हणाली. "उठा आता. तुमच्यापायी नऊ जण ताटकळलेत."

"ताटकळू देत."

नऊ जणांनी बोलावणी केली, मनधरणी केली आणि शेवटी नाद सोडला. प्रार्थना नाही तर नाही, निदान शास्त्र तरी वाचू, असे ठरले. संध्याकाळी पोथी उघडून एक जण मोठ्याने वाचू लागला. यरुशलेमचे पडलेले मंदिर लोक पुन्हा बांधत आहेत, आणि देवाचा निरोप सांगणारा हाग्गय संदेष्टा त्यांना विचारतो आहे, की पहिल्या मंदिराचे वैभव पाहिलेले तुमच्यात कोण उरले आहे? आणि हे आताचे तुम्हाला कसे दिसते?

इथे वाचणाऱ्याने पोथी मिटली. सगळे घरी गेले.

दुसऱ्या संध्याकाळीही तेच. तिसऱ्याही. ओट्यावर हसाजीची चुळबुळ सुरू झाली.

"अगं, पुढे काय म्हणाला असेल तो?"

"मला काय विचारता? जा, ऐका जाऊन."

त्या रात्री हसाजी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी पोथी मिटताच तो तरातरा उंबऱ्याशी गेला.

"काय रे, रोज तिथंच काय अडतोस? पुढची अक्षरं वाळवीनं खाल्ली का?"

"अक्षरं आहेत, हसाजीकाका," वाचणारा म्हणाला. "पण संदेष्ट्यानं प्रश्न विचारलाय. उत्तर दिल्याशिवाय पुढे कसं जायचं? आमच्यातल्या कुणीच जुनं घर पाहिलेलं नाही."

"मी पाहिलंय ना!"

"मग सांगा की. कसं होतं?"

इतक्या वर्षांत हे त्याला कुणी विचारले नव्हते. हसाजी सांगू लागला. खोबरेल तेलाचे दिवे, पावसात गळणारा कोपरा, थंडगार फरशी. "आणि दार! वडील मला खांद्यावर बसवून आणायचे. दाराशी खाली उतरवायचे, मग स्वतः मान वाकवून..."

तो थांबला. त्याने वर पाहिले. नव्या दाराची चौकट त्याच्या डोक्यावर चांगली वीतभर उंच होती.

"वडील फार उंच होते का, काका?"

"नाही रे," हसाजी हळूच म्हणाला. "माझ्याएवढेच. मीच लहान होतो."

मग हसाजी उंबरा ओलांडून आत आला आणि टेकून बसला.

"वाच आता पुढचं."

वाचणाऱ्याने वाचले. संदेष्टा लोकांना म्हणत होता: धीर धरा आणि कामाला लागा, या घराचे वैभव पहिल्यापेक्षा मोठे होईल.

त्या संध्याकाळी प्रार्थना झाली. माणसे दहा होती.

तात्पर्य एवढेच: लहानपणी पाहिलेल्या दाराने आजचे दार मापू नये, आणि मापायचेच तर उंबऱ्यापर्यंत जाऊन मापावे.