चोराला पोसणारा

"या मठात कोणीतरी चोर आहे."

श्रीरंग हे कुणाकडेही न बघता म्हणाला. तरी सगळ्यांच्या माना भैरूकडे वळल्या.

भैरूचा बाप नदीवर जाळं टाकायचा. तेवढं पुरेसं होतं.

इतर मठांत गाई असतात, या मठात मासे होते. आत्मारामबुवा काचेच्या टाक्यांत गोल्डफिश वाढवत. शिष्यांनी जप करायचा, भाजी निवडायची आणि मासे सांभाळायचे. अंड्यांतून नुकत्याच निघालेल्या पिल्लांची टाकी श्रीरंगकडे होती. तो शहरातून शिकून आला होता. पिल्लं कशी झपाट्यानं वाढतात ते बघाच, असं त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं होतं.

आणि पिल्लं रोज कमी होत होती.

"मेली असतील," बुवा म्हणाले.

"मेलेलं पिल्लू वर तरंगतं नाहीतर तळाशी दिसतं, बुवा. एकही दिसलं नाही. पाणी मी स्वतः बदलतो, रोज थोडं थोडं. यात माणसाचा हात आहे."

"कोणाचा?"

"नाव घेणार नाही... मासे बघून ज्याचे हात शिवशिवतात, त्याला कळलंच असेल."

भैरू उठला. कोपऱ्यात जाऊन आपली वळकटी बांधू लागला.

"बस रे," बुवा त्याला म्हणाले. मग श्रीरंगकडे वळले. "चोर सापडला तर काय करायचं?"

"हाकलायचा. आजच."

"आणि त्याला कोणी पोसत असेल तर?"

"तोही बाहेर. चोराला पोसणारा तर जास्त नीच."

"जेवणाआधी की जेवून?"

"जेवणाआधी!" श्रीरंग स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडला, "आक्का, एक पान कमी मांडा!"

मठाचा स्वयंपाक चंद्राक्का सांभाळायच्या. त्या पळी घेऊन दारात आल्या. पंगतीत श्रीरंगचं पान बुवांशेजारी असे, पहिलं. भैरूचं दाराशी, शेवटचं. आमटी तिथवर पोचेपर्यंत तिच्यातली डाळ संपलेली असे.

चंद्राक्का दारातच थांबल्या.

बुवा पिल्लांच्या टाकीसमोर मांडी घालून बसले.

"यांना आज खायला दिलंस?"

"आता देणारच होतो."

"रोज कसं देतोस ते दाखव. टाकू नकोस. नुसतं दाखव."

श्रीरंगनं पाणकिड्यांची वाटी टाकीच्या एका कोपऱ्यावर धरली. त्याबरोबर एक पिल्लू बाकीच्यांना बाजूला सारत कोपऱ्यात येऊन उभं राहिलं. इतरांच्या दुप्पट होतं. तोंड काचेला लावून वाटीकडे बघत होतं.

श्रीरंगचा चेहरा उजळला. "हा माझा पैलवान. वाटी दिसली की धावलाच! बाकीची नुसती आळशी."

"रोज याच कोपऱ्यात टाकतोस?"

"हो. जो धावेल त्याला मिळेल."

"आणि बाकीच्यांना?"

"उरेल ते."

"वाटी खाली ठेव," बुवा म्हणाले. "आता बघत बस."

सगळे बसले. भाताचा वास बाहेर आला. कोणी हललं नाही...

पैलवान कोपऱ्यात वाट बघत राहिला. वरून काही पडेना. त्यानं एक फेरी मारली. पुन्हा कोपऱ्यात आला. पुन्हा फेरी.

मग तो वळला.

टाकीच्या तळाशी एक बारीकसं पिल्लू होतं, सुईएवढं. पैलवान त्याच्यावर गेला. क्षणभर त्याच्या तोंडाबाहेर एक शेपटी वळवळली.

मग तीही दिसेनाशी झाली.

"सापडला," बुवा म्हणाले.

श्रीरंग पुटपुटला, "बुवा... तो मासा आहे. त्याला काय कळतं?"

"त्याला नाही कळत."

...

श्रीरंग उभा राहिला. खुंटीवरची झोळी त्यानं काढली, ती निसटून खाली पडली. त्यानं उचलली. जाता जाता भैरूपाशी तो थबकला.

"माझ्याकडं काय बघतोस?" भैरू म्हणाला. त्याचे डोळे लाल झाले होते. "मी नाही तुला जा म्हटलं. तूच म्हणालास, जेवणाआधी."

बुवांनी पेल्यानं पैलवानाला अलगद उचललं. श्रीरंग उंबऱ्याशी थांबून बघू लागला. आता बुवा पैलवानाला अंगणात फेकणार, असंच सगळ्यांना वाटलं.

बुवांनी पेला शेजारच्या टाकीत रिकामा केला. त्या टाकीत दोन-तीन महिन्यांचे, बोटभर मासे होते. त्यांच्यामध्ये पैलवान अगदी किरकोळ दिसू लागला. घाबरून तो दगडाआड गेला.

मग बुवांनी पाणकिड्यांची वाटी घेतली आणि पिल्लांच्या टाकीत चमच्यानं खाणं सोडू लागले... या टोकाला, मध्ये, त्या टोकाला.

"बुवा," श्रीरंग उंबऱ्यावरून म्हणाला, "मी जाऊ?"

"मोठ्यांत सोडलाय त्याला," बुवा टाकीवरची नजर न काढता म्हणाले. "आता तिथं तोच सगळ्यांत लहान."

श्रीरंग तसाच उभा. झोळी खांद्यावर, एक पाय बाहेर.

चंद्राक्कांनी पळी त्याच्यापुढे धरली.

"पानं मी सगळीच मांडलीत. ती झोळी ठेव आणि वाढायला घे, श्रीरंगा. शेवटच्या पानापासून."