सुईबाई आणि मधली तारीख

संगणक कुरकुरत जागे व्हायचे, त्या काळची गोष्ट. एका नव्या डिस्कवर लिहिणारी सुईबाई राहायची. तिच्या जुन्या डिस्कवर मन मानेल तिथं खोडता यायचं. ते दिवस आठवून ती अजून उसासे टाकायची. इथं नुसते पट्टे, आणि पट्ट्यातल्या ओळी कौलांसारख्या एकमेकींवर चढलेल्या. लिहायचं ते पुढं पुढं, आणि पुसायचा तर अख्खा पट्टा.

एक दिवस संगणकाच्या मालकांनी लग्नपत्रिकेतली तारीख बदलली. पत्रिका नेमकी भरलेल्या पट्ट्याच्या मधोमध होती.

"एकच तर आकडा आहे. आमच्या वेळी जागच्या जागी बदलायचो," म्हणत सुईबाई पुढं सरसावली.

"थांबा!" ऑपरेटिंग सिस्टिम नावाचा कारभारी ओरडला. "शेजारी बाळाच्या हसण्याचा व्हिडिओ आहे, तोही पुसला जाईल. कामाचं सगळं रिकाम्या पट्ट्यावर न्या, नवी तारीख तिथं लिहा, मग हा पट्टा पुसा."

"एका आकड्यासाठी बिऱ्हाड हलवायचं?"

"हो. सामानासकट."

सुईबाई चडफडत कामाला लागली. वीजबिल नेलं, आंब्यांचे फोटो नेले. बाळाचं हसू न्यायचं तर आधी अख्खं वाचावं लागलं. दोनच दात आणि नुसतं खी खी खी. व्हिडिओचं नाव पाहिलं, तर कौस्तुभ. पत्रिकेतला नवरदेव! जुन्या डिस्कवर तिनं लिहून झाल्यावर कुणाकडं असं वळून पाहिलंच नव्हतं.

शेवटी पत्रिका नव्या तारखेनिशी लिहिली आणि जुना पट्टा कोरा झाला. "दमलात का, बाई?" कारभाऱ्यानं विचारलं.

"छे. मालकांना विचारा, हॉलचं नाव तरी बरोबर आहे ना?" सुईबाई म्हणाली. "चुकलं असेल, तर पुन्हा बिऱ्हाड हलवायला माझी काही हरकत नाही."