खिडकीजवळचे माग

लांब अमेरिकेत, नदीकाठच्या एका गावात नोरीन नावाची एक विणकरीण राहत होती. पोटासाठी आयर्लंडहून बोटीनं आलेली. घरी म्हातारी आई, आणि कमावती ही एकटीच. गावातल्या कापडगिरणीत ती मागावर काम करी. हात इतके चपळ, की विचारू नका! धागा तुटला, तर डोळ्याचं पातं लवायच्या आत तिची गाठ मारून झालेली असायची.

मुकादम तिच्यावर भलताच खूश. हवेशीर खिडकीजवळचे माग त्यानं तिला दिले होते. पण त्या गिरणीची एक रीत होती. नोरीन दिवसभरात जेवढं कापड काढी, तेवढं मुकादम फळ्यावर खडूनं लिही, आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येकीनं तेवढं काढायचंच. मागे पडली तिची मजुरी कापली जायची. बाकीच्या बिचाऱ्या जिवाच्या आकांतानं धावायच्या आणि तरी कमीच पडायच्या. नोरीनला वाटे, मी माझं काम चोख करते, त्यांना जमत नाही त्याला मी काय करू?

शेजारच्या मागांवर वांडा नावाची पोलंडची बाई होती. ती एकदा म्हणाली, "नोरीन, आम्ही बायका युनियन करतोय. तूही ये ना."

नोरीन फणकारली, "ज्यांना काम झेपत नाही त्यांनी करावी युनियन. माझं काय अडलंय?"

वांडा आपल्या मागांकडे वळली. त्याच आठवड्यात तिची मजुरी पुन्हा कापली गेली होती.

पुढे ऐन थंडीत नोरीनला ताप भरला. अंथरुणावरून उठवेना. तिचा जीव मात्र गिरणीत अडकलेला. कारण माग बंद दिसला, की मुकादम तो दाराशी उभ्या असलेल्या नव्या बाईला देऊन टाकी, आणि दाराशी उभ्या राहणाऱ्यांना तिथं काय तोटा! "आई, आता आपण खायचं काय गं?" म्हणून ती रडायची.

ताप उतरला तशी ती भिंतीला धरत धरत गिरणीत गेली. बघते तर काय, तिचे माग धडाधड चालू! वांडा स्वतःचे माग सांभाळून तिचेही चालवत होती. ती दमली की दुसरी येई, मग तिसरी. सगळं कापड नोरीनच्या नावावर जमा होत होतं.

"आजारी पडेल तिचे माग थांबू द्यायचे नाहीत, असं युनियननं ठरवलंय," वांडा म्हणाली.

"पण मी कुठं युनियनमध्ये आहे?"

"अगं, ताप काय विचारून येतो?"

नोरीनला हुंदका आवरेना. ज्यांच्या तोंडचा घास आपल्या चपळाईनं पळवला, त्यांनीच आपली चूल पेटती ठेवली! तिनं वांडाचे खरखरीत हात आपल्या कपाळाला लावले. किती वेळ ती ते सोडीचना.

तेवढ्यात मुकादम आला. "बरी झालीस? छान! आज असा हात चालव, की फळ्यावर नवा आकडा चढला पाहिजे. उद्यापासून तुला या बायकांवर मुकादमीण करतो."

नोरीननं मान हलवली आणि कामाला लागली. संध्याकाळी मुकादमानं तिचं कापड मोजलं आणि चक्रावला. सगळ्यात म्हाताऱ्या, सतत खोकणाऱ्या विणकरणीइतकंच ते भरलं होतं.

"हे काय? अजून ताप आहे वाटतं अंगात?"

"नाही साहेब. आज पहिल्यांदाच उतरलाय."

मुकादम भडकला. "चालती हो!" म्हणून ओरडला. नोरीन दाराकडे वळली. घरी आई वाट बघत होती. पण तेवढ्यात वांडानं आपले माग थांबवले. मग पलीकडच्या बाईनं, मग तिच्या पलीकडच्या. बघता बघता सगळी गिरणी गप्प झाली.

संप सुरू झाला, पण सगळं काही एका दिवसात मिळालं नाही. ती थंडी त्या बायकांनी एकाच पातेल्यातलं सूप वाटून खात काढली, आणि नोरीनच्या आईलाही त्यातली वाटी रोज पोचत होती. अखेर मालक नमला. फळा पुसला गेला, प्रत्येकीला झेपेल असं काम ठरलं आणि नोरीन कामावर परतली. त्या दिवशी मुकादमाला न विचारताच तिनं खिडकीजवळचे माग त्या खोकणाऱ्या म्हातारीला देऊन टाकले.

तात्पर्य: आपण पडलो तेव्हा ज्यांनी आपलं ओझं उचललं, त्यांचे उपकार तोंडानं मानून भागत नाही, त्यांना मागे टाकून पुढे न पळता, त्यांच्या बरोबरीनं उभं राहावं लागतं.