हणमंताची पत्रं

“पण मास्तर, त्याचा फोटो लावायचा कुठल्या तोंडानं?”

सर्जेराव अंगणात पाऊल टाकताच बोलला. तो गावच्या खो-खो मंडळाचा सेक्रेटरी. पद आलं की मान ताठ होते म्हणतात. याची पहिल्यापासूनच ताठ होती.

आबामास्तर शेंगा फोडत बसले होते. शाळेचे जुने हेडमास्तर, मंडळातल्या सगळ्यांचे गुरू. वय अठ्ठ्याहत्तर.

“बस,” ते म्हणाले.

सर्जेराव समोर उकिडवा बसला. गुडघा कुरकुरला, पण सवय जुनी होती. मास्तरांनीच शिकवलेलं, मागनं खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही, आणि खो देणाऱ्यानं त्याच जागी बसायचं.

“मंडळाला पन्नास वर्षं झाली. कुमार गटात सुवर्णपदक जिंकलेल्या नऊ जणांचे फोटो लावायचे ठरलं. आठ लागले. पोरं म्हणतात, हणमंताचाही लावा. मेलेल्या माणसावर कसला राग?”

“आणि तू काय म्हणतोस?”

“मी नको म्हणतो. खोट्या जन्मतारखेवर खेळला तो. चौदा महिन्यांनी मोठा निघाला. त्याच्यापायी नऊ जणांची सुवर्णपदकं परत गेली. माझ्या आईनं माझं पदक देव्हाऱ्यात ठेवलं होतं, मास्तर. देव्हाऱ्यातनं काढून द्यावं लागलं.”

बावीस वर्षं झाली होती, तरी बोलता बोलता त्यानं समोरची एक शेंग चिरडली.

मास्तर आत गेले आणि पत्र्याचा एक डबा घेऊन आले.

“हणमंत सुरतेहून दर दसऱ्याला लिहायचा. एकवीस पत्रं आहेत.”

“मला नाही वाचायची.”

“एकच वाच.”

सर्जेरावानं वरचं पत्र उचललं. अक्षर पहिल्यासारखंच, ओळ सोडून वर चढणारं.

‘मास्तरांना शिरसाष्टांग नमस्कार. सर्जाचा गुडघा पावसाळ्यात अजून धरतो का? त्याला एरंडेल गरम करून लावायला सांगा. माझं नाव सांगू नका. नाव कळलं तर तो लावायचा नाही, उगाच लंगडत बसेल.’

सर्जेरावानं पत्र खाली केलं.

“दर पावसाळ्यात तुम्ही बाटली पाठवता ती...”

“त्याच्या सांगण्यावरनं.”

सर्जेरावाचा हात आपसूक गुडघ्यावर गेला. ज्याचं नाव घरात काढू द्यायचा नाही, त्याचंच औषध तो इतकी वर्षं चोळत आला होता. मग त्यानं न सांगताच दुसरं पत्र उघडलं, तिसरं उघडलं. शौकतचं दुकान चालतं का? बाळूची लेक शाळेत जाते का? प्रत्येक पत्रात आठांपैकी कुणाची तरी चौकशी होती. स्वतःबद्दल एवढंच, की गिरणीत काम आहे, बरं चाललंय.

सर्जेरावाला हणमंताची आठवण आली आणि ती आवरेना. डोळे पुसायच्या आत राग पुन्हा वर आला.

“तारखेबद्दल एक अक्षर नाही. माफी तरी मागायची की.”

“नाही मागितली.”

“का?”

मास्तरांनी शेंगांची टरफलं हातानं एका बाजूला सारली.

“माफी मागायची तर ते कुणी केलं, तेही लिहावं लागलं असतं...”

“म्हणजे?”

“त्यानं तर दाखला उघडूनसुद्धा बघितला नव्हता. शाळेचा दाखला हेडमास्तर लिहितो, सर्जा.”

“तुम्ही?” सर्जेराव म्हणाला. “मग तेव्हा बोललात का नाही?”

“भ्यालो. त्याला कळलं होतं मी भ्यालोय. म्हणून तो आळ अंगावर घेऊन गाव सोडून गेला.”

सर्जेराव पत्र हातात धरून तसाच बसून राहिला. समोर गुरू होता, ज्याच्या पायावर डोकं ठेवलं तो गुरू. त्याच्यावर ओरडावं तर तोंड उघडेना, आणि हणमंताची क्षमा मागावी तर तो गेल्या चैत्रातच गेला होता.

“बावीस वर्षं मी हाच राग धरून बसलोय, मास्तर. आता उठू कसा?”

मास्तर काठी टेकत उभे राहिले. सर्जेरावाला वळसा घालून त्याच्या मागे आले. तळवा त्याच्या पाठीवर ठेवला, आणि पूर्वी मैदानात द्यायचे त्याच आवाजात, फक्त जरा हळू, म्हणाले,

“खो. ऊठ सर्जा, हितं आता मी बसतो.”