शाल्मलीचे तळहात

एका राज्यात नदी उभी राहिली होती. पाणी होते, पण ते वाहत नव्हते. लाट जिथे उठली, तिथेच थांबली होती. राजा वारला त्या दिवसापासून हे असेच होते. एका मांत्रिकाचा जुना शाप होता: नव्या राज्यकर्त्याच्या हातात प्रजेने चारचौघांत हात दिल्यावाचून नदी वाहणार नाही.

गादी राजकन्या शाल्मलीची होती. पण तिचा हात धरायला कोणी धजेना. तिच्या तळहातांवर, बोटांच्या कडांना आणि तळपायांवर बारीक, पाण्याने भरलेले फोड उठले होते. खाज अशी सुटे, की ती पलंगाच्या नक्षीवर हात घासत बसे. लोक म्हणत, हा रोग लागेल. प्रधानजी तर तिला फळही लांब दांड्याच्या पळीत ठेवून देत.

प्रधानजींचे मत होते की राजदंड मळला, म्हणून देवता कोपली. मग शाल्मली रोज सकाळी तो पांढऱ्या धातूचा दंड चिंच आणि राखेने घासून धुई. दंड लखलखे आणि नवे फोड उठत. मग प्रधानजी म्हणत, उद्या आणखी घासावा.

शेते वाळू लागली, तेव्हा शाल्मली नदीकाठी जाऊन बसली. तिथे एक टिटवी होती. तिला माणसांची भाषा येत असे.

“तळहातावर साबुदाणा पेरलास का गं?” टिटवीने विचारले.

“शाप आहे.”

“शाप नदीला आहे. तुझ्या कातडीला दाह झाला आहे. घाम, सारखी ओल, तो धातू आणि जिवाला लागलेला घोर, यांनी तो बळावतो. दुसऱ्याला लागत नाही.”

टिटवीने तिला तीन कामे सांगितली. पहिले, राजदंड दूर ठेवायचा. दुसरे, फोड फोडायचे नाहीत. खाज आली तर गार पाण्याचे फडके ठेवायचे, मग हात टिपून कोरडे करायचे आणि पाण्यात पुन्हा पुन्हा घोटून धुतलेले तूप लावायचे. तिसरे, हात लपवायचे नाहीत.

दंड दूर ठेवल्यावर प्रधानजी रुसले. दासी गोमती रोज तिच्या हातापायांना तूप लावू लागली. हळूहळू फोड सुकले, कातडीचे पापुद्रे निघाले. तिसरे काम मात्र राहिले होते.

एके दिवशी शाल्मलीने सर्वांना नदीकाठी बोलावले आणि तळहात उघडले. अंगठ्यापाशी अजून फोड होते.

“हे पुन्हा येतील,” ती म्हणाली. “पण माझ्याकडून तुमच्याकडे जाणार नाहीत.”

“आणि गेले तर, बाईसाहेब?” प्रधानजींनी विचारले.

शाल्मलीने गोमतीला पुढे बोलावले. गोमतीने आपले हात दाखवले. त्यांवर चुलीचा एक जुना डाग होता, बाकी काही नव्हते.

प्रधानजींनी वाकून ते हात नीट पाहिले. मग त्यांनी हातातली लांब पळी खाली ठेवली, घामेजलेला हात उपरण्याला पुसला आणि शाल्मलीच्या हातात दिला. उभी लाट खाली आली. प्रधानजींचे जोडे भिजले.

“पळी आता भात वाढायला ठेवा,” टिटवी म्हणाली.

पुढे दर उन्हाळ्यात फोड आले आणि गेले. राणी शाल्मली गार फडके घेऊन दरबारात बसे. येणारा तिच्या हातात हात देई. नदी वाहत राहिली, आणि तिच्याबरोबर ही गोष्टही.